पहिला स्वयंचलित फोन मीच लावला

तीर्थस्वरूप दाजी,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तरी पूर्ण वाकलो आहे, हवं तर हिला विचारा). तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरत जा, उगाच तरुणपणा दाखवू नका. भूक लागते ना वेळेवर? इकडे आम्ही सर्व ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. ही ठीक आहे. दुकान जागेवर आहे. माझं म्हणाल तर जेवतो, झोपतो आणि दाढी करताना आरशात गालापुरतंच बघतो, डोळ्यांपर्यंत जात नाही.

आठ महिन्यांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही याचं कारण आळस नव्हे. चार वेळा बसलो होतो. पहिल्या खेपेला दीड पान हवेबद्दलच लिहिलं गेलं. दुसऱ्या खेपेला सगळा दोष टेलिफोन खात्याला दिला आणि वाचून माझं मलाच पटेना. तिसरं हिने वाचलं आणि सरळ चुलीत घातलं. चौथ्यात नुसतं "दाजी" एवढंच होतं. हे पाचवं. हे फक्त तुमच्यासाठी आहे, ताईला दाखवू नका. तिला विचारू नका, सांगू नका, पाकीटसुद्धा दिसू देऊ नका.

यातलं बरंच तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही तर घरातच होतात. पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत, म्हणून पहिल्यापासून सांगतो. गावात टेलिफोन दोनशे चाळीस, आणि ते सगळे ताईच्या एका फळीवर. कानाला हेडफोन, समोर भोकंच भोकं, हातात दोऱ्या. कुणी फोन उचलला की तिच्या फळीवर दिवा लागायचा, ती विचारायची कोण हवंय, आणि दोरी खोचून द्यायची. नंबर म्हणून कुणी सांगायचंच नाही. लोक म्हणायचे, डॉक्टर द्या हो ताई, माझ्या सासूला द्या, आणि घराबाहेर अडकून शेजारच्याच्या फोनवरून बोलणारे म्हणायचे, कुलूपवाला द्या. आता गावात कुलूपवाले दोन. एक मी, दुकानावर पाटी, "पाच मिनिटांत कुलूप उघडून व बसवून मिळेल", त्यावरून लोक मला पाचमिनिटं म्हणतात. दुसरा पुलाजवळचा. तो एकेक खिटी घासून, फुंकर मारून, पुन्हा घासून बसवतो, म्हणून त्याचं नाव पडलं सावकाश.

तर माझ्या कानावर यायला लागलं की अमक्याने कुलूपवाला मागितला आणि सावकाश आला. तमक्याकडेही सावकाशच. फळीवर सख्खी बहीण बसलेली, आणि गिऱ्हाईक पुलाजवळ! माझं डोकंच फिरलं. ताईला विचारलं तर म्हणाली, "तू तुझं काम नीट कर, माझं मला करू दे." एवढंच. (लहानपणापासून तिची हीच तऱ्हा. मी काही विचारलं की ती माझं नाक पुसायची.) मी मनात घेतलं की ताई मला पाण्यात पाहते. दाजी, लिहिताना हात थांबतो आहे, पण मनात घेतलं ते घेतलं, आणि एकदा का मी मनात घेतलं की मला पाच मिनिटं पुरतात.

मी तक्रार केली. साधी नाही, सह्यांची. दारोदार फिरलो. फळीवर माणूस बसला की त्याचे नातेवाईक आले, राग-लोभ आले, तेव्हा माणूस काढा आणि यंत्र आणा, दुसरीकडे कुठे कुठे आलंय म्हणे, गिऱ्हाइकाने स्वतःच नंबर फिरवायचा, मध्ये कुणी नाही. दुकानदारांनी सह्या दिल्या. गप्पा ताई ऐकत असेल अशी ज्यांना भीती होती त्यांनी दोन-दोन दिल्या. मग चौकशीला साहेब आले. त्यांनी ताईला विचारलं, कुलूपवाल्याचे फोन तुम्ही दुसरीकडे देता का? ती म्हणाली, हो. का देता? यावर ती गप्प. साहेबांनी तीनदा विचारलं, ती तीनदा गप्प. शेवटी त्यांनी तिच्या नावापुढे लिहिलं, "पक्षपात केल्याचे मान्य." बावीस वर्षांची नोकरी, आणि कागदावर शेवटचं वाक्य हे. मी त्या दिवशी दुकानात आरामखुर्चीत बसून पाय हलवत होतो, दाजी. हिने मला जेवायला वाढलं नाही, तेव्हा मला वाटलं हिचं डोकं दुखत असेल.

यंत्र आलं. ते बसवायला इंजिनीअर आला. अंगात निळा डगला, खिशात चार पेचकस, बोलणं कमी. त्याने मला कौतुकाने आत नेलं (मी तक्रारदार, म्हणजे एका अर्थी यंत्राचा बापच). खोलीभर लोखंडी कपाटं, कपाटांत खण, खणाखणांत पितळेचे हात. डायलवर दोन फिरवा, हात टकटक करत दोन पायऱ्या वर जातो. पुढचा आकडा फिरवा, आडवा सरकतो. मी म्हटलं हे तर कुलूपच आहे, आकडे म्हणजे किल्ली! इंजिनीअर प्रथमच हसला. म्हणाला, बरोबर, फक्त डायल फिरवून बोट काढून घ्यायचं आणि ती आपणहून परत येईपर्यंत थांबायचं, घाई केली तर हात चुकीच्या पायरीवर जातो. मी म्हटलं, कुलूपवाल्याला कुलूप शिकवता का?

उद्घाटनाला टाऊन हॉल भरला होता. जुनी फळी मंगळवारीच बंद झाली होती, तीन दिवस गाव मुकं होतं, त्यामुळे माणसं नुसती बोलायला म्हणून आली होती. पहिला फोन लावायचा मान मला. नगराध्यक्षांच्या घरी लावायचा, त्यांच्या बाई तिकडे सकाळपासून टेलिफोनसमोर बसल्या होत्या. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून इंजिनीअरने टेलिफोनला मोठा कर्णा जोडला होता. ताईलाही बोलावलं होतं. तिने आपला हेडफोन नगराध्यक्षांच्या हाती द्यायचा आणि तो काचेच्या कपाटात ठेवायचा असा कार्यक्रम. ती मागच्या रांगेत, तुम्ही तिच्या शेजारी. मी भाषणात म्हणालो की या यंत्राची थोरवी हीच, की ते कुणाला ओळखत नाही. टाळ्या पडल्या. मग मी डायल फिरवली. पहिला आकडा ठीक गेला. पण ती डायल परत येताना इतकी रेंगाळते, इतकी रेंगाळते, आणि सगळं गाव आपल्याकडे बघतंय! मी बोटानेच तिला मागे रेटली. तिन्ही आकडे झटपट उरकले. इंजिनीअरने कपाळाला हात लावलेला मी पाहिला, मला वाटलं घाम पुसतोय.

पलीकडे फोन उचलला गेला. मी पाठ केलेलं वाक्य दणकून म्हटलं, की मी कुलूपवाला, आपल्या गावाच्या पहिल्या स्वयंचलित टेलिफोनवरून बोलतो आहे. कर्ण्यातून आवाज आला तो नगराध्यक्षांच्या बाईंचा नव्हता. तो मुख्याध्यापिका बाईंचा होता. दाजी, तुम्ही पाहिलंतच, हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या पाठी ताठ झाल्या, नगराध्यक्षांनी खिशातले हात बाहेर काढले. सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले.

"कुलूपवाला? बरा सापडलास! मंगळवारी सकाळी तू बसवलंस ते कुलूप दुपारी अडकलं, तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ये-जा करते आहे. माझं वय काय, खिडकी केवढी! तुझी बहीण जागेवर असती तर तासाभरात त्या पुलाजवळच्याला धाडलं असतं तिने. दरवेळी तीच निस्तरते तुझं. कुठे आहे ती? तिला दे."

हॉलमध्ये मग एकेक मान मागच्या रांगेकडे वळली. मला तेव्हाच कळलं, दाजी. नंतर कळलं असं मी हिला सांगितलं होतं, ते खोटं. त्याच क्षणी लख्ख कळलं, की ताईने माझी गिऱ्हाइकं कधी पळवली नाहीत. माझं बिघडवलेलं ती दुसऱ्याकडून नीट करून घेत होती, आणि साहेबांपुढे गप्प बसली ती माझी अब्रू जाऊ नये म्हणून. कळल्यावर माणसाने काय करावं? उठून जावं, पाय धरावेत, निदान गप्प राहावं. मी फोन खाली ठेवला, लोकांकडे बघून हसलो आणि म्हणालो, "पाहिलंत? यंत्र नवं असलं तरी राँग नंबर द्यायची आमच्या ताईची खोड त्यात उतरलीच!"

लोक हसले. खूप हसले. मी आयुष्यात केलेला हा एकमेव विनोद, जो सगळ्यांना कळला. ताई उठली, हेडफोन खुर्चीवर ठेवला, पदर सारखा केला आणि निघून गेली. तुम्ही तिच्यामागे गेलात. आठवड्याने तुम्ही दोघं सामान बांधून तुमच्या मूळ घरी गेलात, तेव्हा मी निरोप द्यायला गाडीवर आलो होतो. ताई खिडकीबाहेर बघत होती, आणि तुम्ही मला "तब्येतीला जप" म्हणालात. चार शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं हो!

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही ते सांगतो. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दुकानातला फोन वाजला. मी आनंदाने उचलला. रंगारी होता, त्याची किल्ली कुलपात तुटली होती, कुलूप माझं. ठेवतो तोच बेकरीवाला, त्याचं कुलूप बंद होत होतं पण कुणाच्याही किल्लीने उघडत होतं. मग दाताचा डॉक्टर, त्याचा रोगी आत आणि तो बाहेर. जेवायच्या वेळेपर्यंत एकवीस. सगळे थेट, मध्ये कुणी नाही, मीच मागून घेतलेलं सुख. ताई असताना हेच लोक रागाने लाल होऊन फोन उचलायचे, आणि ती त्यांना काय सांगायची कोण जाणे, माझ्यापर्यंत कधी वर चढलेला आवाज आला नाही. आता प्रत्येक शब्द ताजाताजा कानात. तीन दिवस ऐकलं, चौथ्या दिवशी टेलिफोनवर उशी ठेवली. ती हिने काढली.

मग शेपूट घालून पुलाजवळ गेलो. सावकाश एका कुलपात डोळा घालून बसला होता. त्याने मला अर्धा तास बसवून ठेवलं (मुद्दाम नव्हे, त्याचा अर्धा तास असाच जातो). विचारलं, ताई तुला काय सांगायची? तो म्हणाला, "जाऊन नीट कर, आणि आधीच्या माणसाचं काम चांगलं होतं, कुलूपच वाईट निघालं, असं सांग. भावाला कळू देऊ नको." तू असं सांगायचास? हो म्हणाला, ताईंनी सांगितलं म्हणून सांगायचो, तोंड कडू व्हायचं. दाजी, तिथल्या बाकावर मी रडलो. लहान मुलासारखा, नाक गळेपर्यंत. सावकाशने हातातलं फडकं दिलं, ते तेलाचं होतं, घरी गेलो तेव्हा हिला वाटलं मला कुणी तरी मारलं. मारलं असतं तर किती बरं झालं असतं, सगळे तसंच म्हणतात.

तेव्हापासून रोज दुपारी दोन तास मी सावकाशच्या दुकानात शिकायला बसतो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. गेल्या महिन्यात त्याने मला पहिल्यांदा "ठीक" म्हटलं. मी म्हटलं नीट ऐकू आलं नाही, पण त्याने पुन्हा म्हटलं नाही. दुकानावरची पाटी उतरवली आहे. भिंतीवर तिची पांढरी चौकट उरली आहे आणि लोक तिच्याकडे बोट दाखवून मुलांना गोष्ट सांगतात.

मग टेलिफोन ऑफिसात गेलो, तक्रार मागे घ्यायला. कारकून म्हणाला मागे घ्यायचा फॉर्म नाही. मी म्हटलं कोरा कागद द्या. तो म्हणाला, अहो, तुमच्या तक्रारीवरून एवढं यंत्र बसलं, आता तक्रार खोटी म्हणता, तर यंत्र काय परत पाठवू? त्याचंही चूक नाही. सहा फेऱ्या झाल्या. सहाव्या खेपेला मी सगळं लिहूनच नेलं. किती दारं मी बिघडवली, कोणती, कुणाची, आणि ती कुणामुळे नीट झाली. एकोणसत्तर दारं झाली, दाजी. आणि खाली लिहिलं, की पक्षपात झाला तो खरा, पण तो माझ्या बाजूने झाला. साहेबांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले हे जाहीर करावं लागेल. मी म्हटलं करा. आता तो कागद ऑफिसच्या दारातल्या फळ्यावर लावला आहे. लोक बिल भरायला येतात आणि उभ्या उभ्या वाचतात. बेकरीवाला तर मित्रांना घेऊन आला होता. मी त्या रस्त्याने जातो, मान खाली घालूनच, पण जातो.

असो. बोलता बोलता पत्राचं मूळ कारण राहूनच गेलं. तुमची छत्री माझ्याकडे राहिली आहे, काळी, वाकड्या मुठीची. ती कुणाबरोबर पाठवू ते कळवा. थंडीत गुडघ्याला शेक देत जा. ही तुम्हा दोघांना नमस्कार सांगते (ताईला मात्र सांगू नका, नाही तर पत्र आलं हे कळेल).

तुमचा,
ज्याला "तब्येतीला जप" म्हणालात, तो

ता. क. छत्री तुमची नाही. माझीच आहे. तुमची तुम्ही नेलीत, गाडीवर मी ती पाहिली होती. काही तरी कारण लागतं ना हो पत्राला.

आणखी एक ता. क. दाजी, तुम्ही आता जरा पडा. ताई, दाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सगळं टपाल तूच त्यांना मोठ्याने वाचून दाखवतेस, हे हिने मला सांगितलंय. पाकिटावर त्यांचं नाव घातलं, कारण तुझं घालायला हात धजला नाही आणि माझं अक्षर बघून तू ते न फोडता ठेवून दिलं असतंस. दुसऱ्याचं पत्र तू अर्ध्यावर टाकणार नाहीस, बावीस वर्षांत कुणाचं बोलणं तू मध्येच तोडलं नाहीस. तेव्हा वरचं सगळं तू तुझ्याच आवाजात वाचलं आहेस. मी तुझ्याशी फार वाईट वागलो, ताई. त्या हॉलमध्ये तर सगळ्यांत वाईट. माफ कर असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

आता खरं काम. यंत्र कुणाला ओळखत नाही, त्यामुळे गावाची पार दैना आहे. लोकांना नंबर पाठ होत नाहीत, छापील यादी सापडत नाही, सापडली तर चष्मा सापडत नाही. परवा एक आजी डॉक्टर मागायला सुताराशी दहा मिनिटं बोलल्या. म्हणून ऑफिसने "चौकशी" नावाची एक खुर्ची काढली आहे, कुणाला कोण हवंय ते ऐकून नंबर सांगायचा. इंजिनीअर स्वतः म्हणाला, सगळं गाव त्या बाईंच्या डोक्यात आहे, त्यांनाच बोलवा. त्यांनी तुला दोन पत्रं पाठवली, तू उत्तर दिलं नाहीस. का दिलं नाहीस ते मला कळतं. पुन्हा विचारतील, तेव्हा का गप्प बसलात म्हणून, आणि तुला माझं सांगावं लागेल. ताई, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, मी सगळं फळ्यावर लावलंय. तुझ्या कागदावरचं ते वाक्य साहेबांनी माझ्यादेखत लाल शाईने खोडलं. येत्या दहा तारखेपर्यंत खुर्ची रिकामी ठेवणार आहेत, मग बाहेरचं कुणी तरी आणतील. ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

शेवटचा ता. क. आणि खुर्चीवर बसलीस, की कुणी कुलूपवाल्याचा नंबर विचारला तर पुलाजवळचाच दे. तो खरंच चांगला आहे.